सकाळचा आकडा

३ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

मी पोरीपायी कॉलेज सोडलं, हे आईने रडत कळवलं असेलच. खोटं नाही. वर्गातली माझी ती सुट्टीत मायदेशी गेली आणि तिथल्या सैनिकांनी तिच्या जमातीला घराघरांतून ओढून मारायला सुरुवात केली. ती चाळीस जणांसोबत गावच्या शाळेच्या तळघरात लपली आहे, असं तिथल्या हेडमास्तरांनी कळवलं. आपली विमानं तिथे दोन तासांत पोचतील. मग जात का नाहीत? तुम्ही परराष्ट्र खात्याच्या टपालात आहात, मंत्र्यांच्या कानावर घाला. पाया पडतो.

लोभ आहेच, तो आता कामाला येऊ द्या.

आपला,
तोफखाना (तुम्हीच ठेवलेलं नाव)

११ मार्च

चि. तोफखान्यास अनेक आशीर्वाद.

मंत्र्यांच्या कानापर्यंत माझा हात पोचत नाही. मी फक्त आलेली पत्रं विषयवार मोजून रोज सकाळी आकडा वर पाठवतो. साहेब परवा म्हणाले, तिथे आपली दोन पोरं मेली तर मतं जातील, नाही गेलो तर कुणाचं काय जातंय? या आठवड्यात विमानतळाच्या गोंगाटाबद्दल तीन हजार पत्रं आली. तुझ्या त्या देशाबद्दल एकोणीस, त्यांतली सोळा तुझी. गाढवा, नावं बदललीस, पण अक्षर? ते मीच गिरवून घेतलं होतं. सोळांचं एक धरलं. तीस वर्षांत खोटा आकडा पाठवलेला नाही. खरी पत्रं धाड, एकेक मोजीन.

वेळेवर जेव.

तुझा मामा

२३ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमच्या खरेपणाला आग लागो, असं आधी लिहिलं होतं, फाडलं. दारोदार फिरलो. शिंप्याने विचारलं, तो देश नकाशात वर की खाली? दूधवाल्या मावशींना लिहिता येत नाही, दोन दिवस बसून त्यांच्याच हातून लिहून घेतलं. सोबत बासष्ट पत्रं. कुणाचंही अक्षर तपासा.

तुमचा,
(अजून) भाचा

२ एप्रिल

चि. तोफखान्यास आशीर्वाद.

बासष्ट मोजली. बैठक झाली आणि विमान गेलंसुद्धा. पण आपल्या वकिलातीतली माणसं तेवढी घेऊन आलं. निम्म्या जागा रिकाम्या होत्या, बाळा.

मामा

१९ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

त्या शाळेच्या हेडमास्तरांचं पत्र आलं. तळघरात त्या विमानाचा आवाज ऐकू आला. आपल्यासाठीच आलंय असं समजून सगळे मैदानात धावले, ओढण्या हलवत. सैनिक फाटकाशीच होते. ती सर्वांत पुढे होती म्हणे.

तुम्ही मोजलंत ते बरोबरच केलंत. मला चिडायला आता तुम्हीसुद्धा उरला नाहीत, मामा.

लोभ असू द्या.

आपला भाचा