माझ्या धमन्या छत्तीस वर्षांच्या

३ मार्च
रक्तदाबाचा पट्टा आजपासून इतिहासजमा. माझा कॅमेरा लांबूनच चेहरा आणि तळहात बघतो. प्रत्येक ठोक्याला कातडीचा रंग किंचित बदलतो. आधी चेहऱ्यावर, मग तळहातावर. दोन्हींत वेळेचं अंतर जितकं कमी, तितक्या धमन्या कडक. हे आमच्या हृदयरोगतज्ज्ञ मेव्हण्याला कळायला आणखी एक जन्म लागेल. बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून सहन करतो.

५ मार्च
घरच्यांवर चाचणी. सासूबाई : धमन्या चाळिशीच्या. अपेक्षितच. त्रास त्यांनी कायम दुसऱ्यांनाच दिला. बायको : उत्तम. मी, वय एकोणपन्नास : चौऱ्याहत्तर.
ट्यूबलाइट बदलली.

६ मार्च
पडदाही बदलला. शहात्तर. बायको म्हणाली, भावाला दाखवून या, हल्ली जिन्यात थांबता. मी थांबत नाही, विचार करतो. या घरात कुणाला त्याची सवय नाही.

९ मार्च
चूक सापडली! सूत्र सामान्य माणसासाठी लिहिलेलं. सतत मेंदू चालणाऱ्या माणसाचं रक्त सगळीकडे घाईनंच धावणार. तेवढी वजावट केली. मी : छत्तीस. याला म्हणतात विज्ञान.
सासूबाई आता एकोणीस निघाल्या. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं.

१४ मार्च
उद्या मेव्हण्याच्या हॉस्पिटलात डेमो. नाडी चाचपणारे झाडून सगळे येणार. लिफ्ट बंद आहे म्हणे. यंत्र मीच उचलून वर नेणार. वॉर्डबॉयच्या हाती देण्याइतकी ती वस्तू फालतू नाही.

१५ मार्च
डेमो. बायपास झालेले आजोबा : बावीस. हॉलमध्ये खसखस पिकली. आजोबा मात्र खूश. सुनेला म्हणाले, ऐकलंस ना, उद्यापासून नीट मीठ घालत जा. मेव्हण्यानं विचारलं, भाऊजी, एवढा घाम का? म्हटलं, तुमचा एसी भिकार आहे. तर त्यानं सरळ माझं मनगट धरलं. मी ओरडलो, हात लावू नकोस, मुद्दाच तो आहे!
पुढचं नीट आठवत नाही. (हे चार दिवसांनी लिहितोय.)

१९ मार्च
दोन स्टेंट. मेव्हण्यानंच बसवले. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, छातीला वायरी. मागासलेली मंडळी.

२० मार्च
मेव्हणा आला. माझ्या कॉम्प्युटरवर जुनं सूत्र सापडलं म्हणाला. भाऊजी, ते अगदी बरोबर होतं, आमच्या पेशंट्सवर वापरून बघू या. पण नंतर ते बिघडवलं कुठल्या गाढवानं?
म्हटलं, असिस्टंटनं.
बायको शेजारीच बसली होती. मला असिस्टंट नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. भावाला म्हणाली, त्याला आजच काढून टाकलाय.
मी मान डोलावली.