टाकीच्या तळातलं फूल

अण्णा, 'डुबुक' आवाज आला की गल्ली निवांत व्हायची. 'ठण्ण' वाजलं की घागरी घेऊन टँकरची वाट. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालेलं, वर दुष्काळ, आणि चौकात तुम्ही बनवलेली पत्र्याची उंच टाकी. आत डोकावता येत नसे, म्हणून पाणी किती उरलंय ते कळायला झाकणातून दगड टाकायची रीतच पडली होती.

एका सकाळी भरलेली टाकी गळून कोरडी झाली. सगळे तुमच्यावर तुटून पडले. शेजारची वहिनी सर्वांत पुढे. "टाकी केली का चाळणी, अण्णा? पत्रा हलका लावला की वो!" तुम्ही एवढंच म्हणत होतात, "न्हाई माय, पत्रा जाडच हाय." मी तेव्हा मराठीचा नवा मास्तर, कवितेत बुडालेला. टाकीखाली वाकून पाहतो तर भोकाच्या कडा पाकळ्यांसारख्या बाहेर उमललेल्या. मी बोलून गेलो, "अण्णा, फूल झालंय बघा." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "फूल न्हाई ते. माझी अब्रू हाय." त्यानंतर तुम्ही कुणाची टाकी केली नाहीत. शेवटी शेवटी तर स्वतःच विचारायचात, "हलकाच व्हता का रे पत्रा?" मी गप्प.

आज माळ्यावर तुम्ही ठेवायला दिलेला त्याच पत्र्याचा उरलेला तुकडा सापडला. विटांवर ठेवला आणि सारख्या वजनाचे दगड छातीच्या उंचीवरून सोडले. गोल गोट्यानं नुसता खळगा पडला. चपट्यानं नाद केला, किंचित पोचा आला. टोकदार दगड मात्र आरपार गेला, आणि खालून त्याच पाकळ्या. पत्रा जाडच होता, अण्णा. कोरड्या टाकीत वरून टाकलेल्या दगडाचा सगळा जोर एका टोकावर आला, की जाड पत्राही फाटतो. हे बघायला अर्धी सकाळ पुरली, आणि मी तुमचं उभं आयुष्य जाऊ दिलं. गप्प का होतो, तेही लिहितो: मलाही वाटलं होतं, तुम्ही हलका लावला असेल.

दार वाजतंय. उदगीरला लेकाकडे गेलेली वहिनी, इतक्या वर्षांनी, काठी टेकत. "काय फोडायलात, मास्तर?" मी पत्रा उलटा करून दाखवला. ती वाकली, पाकळ्यांवरून बोट फिरवलं, टोकदार दगड उचलून पाहिला. मग उंबऱ्यावरच बसली.

"आमच्याच दगडानं फुटली की वो टाकी," म्हणाली.