बिनहाताचा हमाल

सोमवार, ४ मार्च

सुरू झालं एकदाचं! सूनबाईच्या संस्थेतलं यंत्र — सहा वर्षं चादरीखाली पडलेलं. रेणूंचं वजन करतं. नाव लांबलचक आहे, मी तराजू म्हणतो. कंपनीच्या माणसानं 'भंगारात काढा' असं लिहून दिलं होतं. मी आधी नुसता कान लावला. पंपाचं बेअरिंग रडत होतं, बाकी सगळं धडधाकट. बेअरिंग, दोन सील, एक जळकी वायर. पाच वाजता व्हॅक्यूम धरला.

आठवीत शाळा सुटलेला माणूस मी, आणि माझ्यामागे सहा-सात डॉक्टरेटवाले श्वास रोखून उभे! फुगलो थोडा. इथे कोण वाचतंय.

मंगळवार, ५ मार्च

"अहो, सून आणलीत की हाताखाली माणूस?" — आमच्या हिचा टोमणा. जेवताना आमचं दोघांचं पंप-पंप चालतं म्हणून.

मुलगा नोकरीच्या गावी, महिन्यातून एकदा येतो. त्याची नि सूनबाईची गाठ याच संस्थेत पडली. तो शिकून बाहेर पडला, ती अजून आत. तिच्या सरांनी बजावलंय — एकतीस तारखेपर्यंत काही हाती लागलं नाही तर विषय बंद. दोन वर्षं घातलीत पोरीनं. बोलत नाही, पण ताटातलं अर्धं तसंच राहतं.

गुरुवार, ७ मार्च

आज विचारलंच. "मला कळेल असं सांग, करतेस काय?"

तिनं हातातला पाना बाजूला ठेवायला लावला आणि सांगितलं. पेशीत चरबी तयार होते ती साखळीसारखी, दोन-दोन कड्या जोडत. प्रत्येक कामाला वेगळा कारागीर — एक जोडणारा, एक घासणारा, एक पाणी काढणारा. पण साखळी मोकळी सोडली तर वाहून जाईल. म्हणून एक इवलंसं प्रथिन ती धरून दारोदार फिरतं. एसीपी म्हणतात.

"म्हणजे हमाल," मी म्हटलं.

"हमालच, बाबा! पण कसला!" — आणि डोळे असे चमकले की बास.

चार वळ्यांचं गाठोडं, एवढाच जीव. त्याला एक लांब, लवचीक हात, तोही अंगचा नाही, नंतर दुसऱ्या कारागिरानं बसवलेला. हाताच्या टोकाला गंधकाचा आकडा. त्याला साखळी अडकवायची. आणि खरी कमाल पुढे — एका दारातून दुसऱ्या दारी जाताना हा गडी साखळी स्वतःच्या पोटात दडवतो! दार आलं की हात बाहेर काढून कारागिरापुढे धरतो. काम झालं की परत पोटात.

चाळीस वर्षं कामगार पाहिले. माल असा जपून नेणारे दोन भेटले असतील.

शुक्रवार, ८ मार्च

तिची अडचण आता कळली. त्यांच्या लॅबचा एक जुना, नावाजलेला पेपर आहे. त्यात म्हटलंय, ते ज्या जंतूवर काम करतात त्याच्या हमालाला पहिला कारागीर दारातही उभा करत नाही. मग तो जंतू चरबी बनवतो कशी? दुसरी वाट असणार! ती वाट सूनबाई दोन वर्षं शोधतेय. सापडत नाही.

शनिवार, ९ मार्च

पोटात दडवतो! अजून डोक्यातून जात नाही.

सोमवार, ११ मार्च

दुपारी फोन. "बाबा, तुमचा तराजू चुकतोय." तिचा हमाल तीनशे चाळीस कमी भरत होता. त्यांचं माप वेगळं, पण कमी ते कमी.

गेलो. वजन ठाऊक असलेला नमुना घातला — काटा बरोबर. दुसरा घातला — बरोबर. पुन्हा तिचा — तीनशे चाळीस कमी.

"गिऱ्हाईक नेहमी मीटरला खोटं म्हणतं," मी म्हटलं. "दहातल्या नऊ वेळा मीटर खरा असतो. तीनशे चाळीस वजनाचं काय आहे गं तुझ्या हमालात?"

ती स्टुलावर बसली.

"हात."

तपासायला भरपूर मिळावा म्हणून हे लोक तो हमाल दुसऱ्या जंतूत बनवून घेतात. बनतो एवढ्या झपाट्यानं, की हात बसवणाऱ्याला उरकत नाही. बहुतेक सगळे बिनहाताचे निघतात. त्यांच्या नेहमीच्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसत. वजन कुणी केलंच नव्हतं — तराजू चादरीखाली! फ्रीझरमधल्या, त्या जुन्या पेपरच्या वेळच्या नळ्या काढून तोलल्या. त्यांतही तीच तूट.

कारागीर दारात उभा करत नाही म्हणे. हातच नाही तर तो बिचारा धरणार काय!

गुरुवार, १४ मार्च

हात बसवायचं काम चालू. घरात कुणी जोरात बोलायचं नाही, असा हिचा हुकूम. स्वतः मात्र भांडी आपटते.

शनिवार, १६ मार्च

"घेतला, बाबा! दारात घेतला!"

वजन बरोबर तीनशे चाळिसानं वाढलं, आणि पहिल्या कारागिरानं हमालाला सरळ साखळी दिली. दोनाच्या चार, चाराच्या सहा... सोळापर्यंत! दुसरी वाट नव्हतीच मुळी. वाट एकच, आणि तो इमानी गडी पहिल्यापासून तिच्यावरच.

सरांनी मुदत वाढवली. आमची ही डोळे पुसत म्हणाली, "मला काही कळलं नाही, पण बरं झालं."

मंगळवार, १९ मार्च

सूनबाई माझ्या वर्कशॉपात येऊन बसली, स्क्रू चाळत.

"बाबा, दुसऱ्यानं केलेल्या कामात चूक सापडली तर तुम्ही काय करता?"

"दुरुस्तीच्या कार्डावर लिहितो. काय चुकलं, कुणी केलं होतं, कधी. गिऱ्हाईकाच्या देखत."

"माणूस ओळखीचा असला तर?"

"तर आधी त्याला सांगतो. मग लिहितो. लिहितो मात्र नक्की. बड्या कंपन्यांचंही लिहिलंय."

सरांना तिनं हात बसल्याचं सांगितलंय, जुन्या नळ्यांचं अजून नाही. सांगितलं तर तो पेपर मागे घ्यावा लागेल. त्याच्यावर कुणाची तरी नोकरी उभी असणार, म्हणाली.

"ते त्यानं बघावं," मी म्हटलं. ठणकावून म्हटलं. पोरीला धीर यावा म्हणून.

बुधवार, २० मार्च

सकाळी विचारलं, "कुणाचा गं तो पेपर?" तिनं छापील प्रत पुढे ठेवली. पहिलंच नाव माझ्या मुलाचं.

"त्याला अजून माहीत नाही. आजही तेच म्हणाल, बाबा?"

हो म्हटलं. पण लगेच म्हणता आलं नाही, आणि तो उशीर तिला ऐकू आला.