त्याला ढेप म्हणायचं नाही

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. आज दमलोय म्हणून लिहितोय. पेढीवरच्या कामानं नव्हे, घरात आणि शाळेत तेच तेच बोलून. तुमच्या लाडक्या नातीसाठी शाळेतनं बोलावणं आलं होतं.

पूर्वाच्या वर्गात, दुसरीत, अथर्व नावाचा नवा मुलगा आलाय. अंगानं जरा जाडजूड. पूर्वानं त्याला ‘ढेप’ म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता अख्खा वर्ग ‘ढेप आली, ढेप आली’ करायला लागला. आता तो शाळेत डबाच उघडत नाही. सकाळी बूट दिसले की रडतो. एवढंसं पोर, अण्णा!

घरी येऊन मी पूर्वावर ओरडलो. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अज्जा जिनाप्पाकाकांना ढेपच म्हणायचे की! तवा तुम्ही सगळी हसायचासा."

खरंच आहे ते. गुळाच्या पेढीवर बसून तुम्ही आल्यागेल्याचं बारसं करायचात. जयसिंगपूरचे जिनाप्पाकाका दारात दिसले की, "आली बघा ढेप, उतरवायला दोन माणसं लावा!" आम्ही पोट धरून हसायचो आणि पूर्वा तुमच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायची. तुम्ही प्रेमानंच म्हणायचात. पण त्या पोरीला त्यातलं काय कळणार?

आई म्हणते, पोरं चिडवायचीच. बाई म्हणाल्या, "वर्गात मी रोज बोलते मुलांशी. बाक बदललाय, कुणी तसं म्हटलं की तिथंच थांबवते. पण घरात त्याच गोष्टीवर हसत असाल, तर मी एकटी कुठं पुरणार?"

परवा जिनाप्पाकाका पेढीवर आले. मी हसत हसतच त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मला कवाच आवडलं न्हाय ते, सुकुमार. पर अण्णांम्होरं बोलणार कोण? हसत हुतो झालं."

इतकी वर्षं, अण्णा! तुम्हाला एकदाही कळलं नाही? आणि शेजारी बसून मला तरी कुठं कळलं?

मी त्यांना घरी नेलं. त्यांनी पूर्वाला जवळ घेऊन हेच सांगितलं. तिनं मला विचारलं, "म्हंजे अज्जा वाईट होते?" ‘नंतर सांगतो’ म्हणून मी काकांना दारापर्यंत सोडायला उठलो. फार वाईट वाटलं.

रविवारी तिला घेऊन अथर्वच्या घरी जाणार आहे. तिच्याबरोबर मीही माफी मागणार. पेढीवर ज्याला त्याला त्याच्या नावानंच हाक मारायची, असं सगळ्यांना बजावलंय.

आणि पूर्वाला उत्तर देणार आहे. अज्जा वाईट नव्हते, तुझ्यावर त्यांचा फार जीव होता, पण अज्जा चुकले होते. तुमच्या माघारी तुमच्याच नातीला हे सांगायचं माझ्या जिवावर आलंय. तरी सांगेन, अण्णा. तुम्ही रागावलात तरी सांगेन.

तुमचा,
सुकुमार