कादंबरीतली मुलगी

प्रिय तुयेतताई,

काल आईला घेऊन सायगॉनच्या वाचनालयात गेले होते. आपल्या लढाईत नाक खुपसायला आलेल्या गोऱ्या साहेबांवरच्या एका जुन्या कादंबरीवर चर्चा होती. एक तरुणी हसून म्हणाली, "त्यातली आपल्या देशातली मुलगी म्हणजे नुसती बाहुली! साहेब नेईल तिकडे जाते."

आई ताडकन उठली. "तिच्या घरी खाणारी तोंडं किती होती, ते लिहिलंय का गं पुस्तकात?"



तू त्या अमेरिकन सैनिकाबरोबर गेल्यापासून आईने तुझं नाव घेतलं नव्हतं. घरी येताच म्हणाली, "तुयेतचा नंबर दे. तुझ्याकडे आहे, ठाऊक आहे मला."

पत्राआधी तिचा फोनच पोहोचेल, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. आधी ती ओरडेल. ओरडू दे.

तुझीच,
लिएन