रेच्यापाशी दिलेलं उत्तर

माय, त्या सकाळी तू शेवटची भाकरी तव्यावर टाकलीस आणि पिठाच्या हातानंच मला म्हणालीस, "घागर आत घे, भोंगा होईल आता." माझं सासर दोन गल्ल्या सोडून. तिथलं आटोपून मी रोजच्यासारखी तुला कामावर न्यायला आले होते. मी घागर आत घेतली, शेळीपुढं पाला टाकला. तू भाकरीवर ठेचा ठेवून दोन फडकी बांधलीस. बाच्या फडक्यात एक भाकरी जास्त. "बाप्याचं पोट हाय," म्हणालीस. मी म्हणाले, "कापूस तर दोघं सारखाच घालताव." तू हसलीस. "अर्ज लिहिल्यापासून लई बोलायलीस तू."

अर्ज मीच लिहिला होता. लातूरच्या त्या जिनात कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची लांब रांग होती. निम्म्या रेच्यांवर बायका, निम्म्यांवर गडी. काम तेच, भोंगा तोच. गड्याला आठ आणे, बाईला पाच. पुड्यांच्या कागदांवर मी वाचायला शिकले, आणि असल्याच एका कागदावर वाचलं की एका कामाला एकच मजुरी, असा कायदा कामगार मागतात. मी मराठीत लिहिलं, कचेरीबाहेरच्या अर्जनवीसानं ते उर्दूत केलं. एकवीस बायांनी अंगठे दिले. पहिला तुझा.

तू भाकऱ्या बांधल्यास त्याच दिवशी निजाम सरकारचा मजूर खात्याचा साहेब चौकशीला आला. रेचे थांबले. कान एकदम मोकळे झाल्यासारखे वाटले. मुकादम मोठा हुशार. "बायांनो, खुशाल सांगा जे सांगायचं ते," म्हणाला, आणि आमच्या बापा-नवऱ्यांना बोलावून साहेबाच्या मागं उभं केलं. तिथं बा होता. माझे मालकही होते.

पहिला अंगठा तुझा, म्हणून कारकुनानं तुलाच विचारलं, "साहेब पुसायलेत, तुझं काम गड्याइतकंच असतंय का कमी?"

नाकातोंडात कापूस जाऊ नये म्हणून बांधलेला पदर तू सोडलास, डोक्यावरून घेतलास. बाच्याकडं पाहिलंही नाहीस.

"न्हाई साहेब. त्यांचं जास्ती. आमचं काय, बायकांचं काम."

मागून कुणीतरी हसलं. तुझा ढीग बाच्या ढिगाआधी संपायचा, हे बाला ठाऊक होतं. तो खाली बघत राहिला. तुझ्यानंतर एकेक बाई तेच म्हणाली. नवऱ्यासमोर त्याच्या बरोबरीचं म्हणवून घ्यायला कुणाचीच जीभ उचलेना. साहेबानं लिहून घेतलं आणि गेला.

परतताना मी तुला रस्त्यातच धरलं. "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय, चार माणसांत तुझ्या बापाला बाईच्या मापानं मोजू?"

"मजुरी गेली की माय."

"जाऊ दे. त्यो घरी येऊन जेवला पाहिजे."

मी म्हणाले, "तुझ्यामुळं एकवीस घरं बुडाली." तू वाकून माझ्या लुगड्याला चिकटलेला कापूस काढत राहिलीस. पुढच्या हंगामाला तू नव्हतीस.

आता तो कायदा झाला आहे. पेपरात आलं होतं, मी दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला कुणी नाही. मालकांना जाऊनही बरीच वर्षं झाली. वाचताना तू समोर बसावीस असं फार वाटलं. तू काय म्हणाली असतीस, तेही ठाऊक आहे: "कायदा बरा हाय, पण पुसताना बाप्ये भाईर उभे करा म्हणावं." हे तुला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला इतकी वर्षं लागली.

हे पत्र कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून लिहिते. तुझं उत्तर झाल्यावर मुकादमानं तुला टोकाच्या रेच्याकडं पाठवलं, त्यामुळं पुढचं तू ऐकलं नाहीस. माझी पाळी सगळ्यांत शेवटी आली. समोर माझे मालक, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कारकुनानं मलाही तेच विचारलं. मी म्हणाले, "त्यांचं जास्ती."

आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाकडं जाऊन मी तुझ्यापासून लांबचा रेचा मागून घेतला.