सार्वभौम सोसायटी आणि रंभाबाईंची वाट

३ एप्रिल
आजपासून राजकीय भूगोल नुसता शिकवायचा नाही, राबवायचा. लवळ्याला कॉलेजात पोरं मागच्या बाकांवर मोबाईल बघतात. इथे मारुंजीत निदान सोसायटी तरी ऐकेल. राज्याला काय लागतं? लोकसंख्या, भूभाग, शासन, सार्वभौमत्व. पहिली दोन आहेत. शासन म्हणजे मी, सेक्रेटरी. सार्वभौमत्वाचं तेवढं राहिलंय. महिनाअखेरीस चेअरमनची निवडणूक. त्याआधी उरकायला हवं.

५ एप्रिल
शेजारच्या रंभाबाईंच्या म्हशी रोज आमच्या पार्किंगमधून मागच्या शेतात जातात. बिल्डिंग नव्हती तेव्हापासूनची वहिवाट, म्हणे. ना पासपोर्ट, ना व्हिसा. आज एक माझ्या गाडीला अंग घासून गेली. मेधा म्हणाली, गाडी तूच वाटेत लावलीस. बायकोला सीमाप्रश्न कळत नाही.

८ एप्रिल
मागच्या गेटला स्वहस्ते कुलूप घातलं. सोसायटीच्या ग्रुपवर अंगठेच अंगठे. रंभाबाई आल्या, कुलूप बघितलं, "बरं" म्हणाल्या आणि म्हशी वळवून गेल्या. शत्रू खचला. चेअरमनपदाचं भाषण लिहायला घेतलं.

९ एप्रिल
आमचा रस्ता जिथे मेन रोडला लागतो, तिथे बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आडव्या. हिंजवडीच्या कॅब पलीकडे, लॅपटॉपवाली जनता अलीकडे. चौकशी केली. तो रस्ता रंभाबाईंच्या जमिनीतून जातो. बिल्डरने विकत घेतलाच नव्हता. तोंडी ठरलं होतं: माणसं पुढून जातील, म्हशी मागून. म्हणजे आपण भूवेष्टित राष्ट्र. हे मी दरवर्षी शिकवतो, नेपाळच्या उदाहरणासकट. ग्रुपवर आज अंगठे नाहीत.

१० एप्रिल
टँकर आला नाही. पाणीवाले फकरुद्दीनभाई, त्यांना फोनवर चांगलं खडसावलं. ते म्हणाले, "सर, काट्यावर टायर घालू का? आन् बाईंशी वाकडं घेऊन मला हितं धंदा करायचा न्हाई." नाकेबंदीच ही. निषेध म्हणून अंघोळ केली नाही. तशीही करता आली नसती.

११ एप्रिल
वाटाघाटी. मी तटस्थ भूमी सुचवली, चौकातली चहाची टपरी. रंभाबाईंचा निरोप आला, गोठ्यात या. गेलो. बाई धार काढत होत्या. मी उभ्याउभ्या सार्वभौमत्व समजावलं, सोप्या भाषेत. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आत तुमचं राज्य हाय न्हवं? मग ऱ्हावा की आतच." युक्तिवाद अगदीच कच्चा होता. तो खोडून काढायला घरी येऊन पाठ्यपुस्तक उघडलं. अजून वाचतोय.

१३ एप्रिल
मेधा मला न विचारता गोठ्यात जाऊन आली. चहा झाला, हसणंखिदळणं झालं. दुपारी काटे निघाले, संध्याकाळी टँकर आला. गुप्त करार! राजशिष्टाचाराचा सरळसरळ भंग. तीव्र निषेध नोंदवून अंघोळ केली.

२७ एप्रिल
निवडणूक. राष्ट्रहितासाठी अर्ज मागे घेतला. सूचक मिळाला नाही हाही एक मुद्दा होता. मेधा चेअरमन झाली, एकमताने. माझं मत कुणी विचारलंच नाही. टाळ्या थांबल्यावर करारातली एक अट वाचून दाखवली गेली: मागचं गेट रोज सकाळी उघडायचं, आणि ज्याने कुलूप घातलं त्यानेच. पुन्हा टाळ्या. या जास्त वाजल्या.

२८ एप्रिल, सकाळी
सीमेवर हजर. किल्ली माझ्याकडे, म्हणजे खरी सत्ता माझ्याकडेच. मात्र राज्याला इतरांची मान्यताही लागते; हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो. म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. कुलूप काढलं, बाजूला झालो, रंभाबाईंना नमस्कार केला. म्हशी गेल्या. बाई गेल्या. नमस्कार तसाच राहिला, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं. मग चार पावलांवरून त्या मागे वळल्या.

"गेट लावून घ्या. आन् म्याडमला सांगा, दूध काढून ठिवलंय."

वर जाऊन सांगितलं.